‘गुलाबी साडी’चा अल्बम कुठे आहे? जळगावचं गाणं जगभर वाजतं, मग पैसे नेमके कुठे वाजतात?

लग्नसराईत जळगावच्या पिंप्राळ्यात कुठल्याही हळदीला जा. वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीची पंगत उठत आलेली असते, नवरदेवाचे मित्र मांडवाबाहेर जमलेले असतात आणि डीजेवाल्याच्या मागे फर्माइशी सुरू होतात. “ते झुमकावालं लाव ना भो.” मग “गुलाबी साडी.” मग पुन्हा झुमकावालं. तासाभरात मराठी, अहिराणी, हिंदी, सगळं होऊन जातं.

यातलं एखादं गाणं पिक्चरचं नसेल तर कुणीतरी हमखास सांगतं, “हे अल्बम साँग आहे.”

हा शब्द जरा थांबून बघण्यासारखा आहे. अल्बम म्हणजे आठ-दहा गाण्यांचा संग्रह. इथे तर एकच गाणं आहे, त्याला कुठलीही भावंडं नाहीत. तरीही खानदेशात, आणि खरं तर सगळ्याच महाराष्ट्रात, सिनेमाबाहेरच्या सुट्या गाण्याला ‘अल्बम साँग’ म्हणतात. अल्बम गेला, नाव मागे राहिलं. ते कसं झालं हे समजून घेतलं, तर जळगाव जिल्ह्यातून निघालेलं मराठी पॉप गाणं इतकं गाजूनही त्याच्या यशाचं मोजमाप करणं अवघड का जातं, याचा उलगडा होतो.

गाणं कुणाचं?

‘गुलाबी साडी’ फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं. गायक संजू राठोड, संगीत जी-स्पार्क, व्हिडिओत प्राजक्ता घाग. संजू राठोड जळगाव जिल्ह्यातल्या धानवडचा, बंजारा कुटुंबातला. जी-स्पार्क म्हणजे त्याचा भाऊ गौरव. एक भाऊ गातो, दुसरा संगीत बांधतो. परदेशात अशा जोडीला ‘इंडी पॉप’ची जोडी म्हटलं असतं. आपल्याकडे बँड म्हटलं की लाल कोट घालून वरातीपुढे चालणारे लोकच डोळ्यांपुढे येतात, त्यामुळे यांना कुणी बँड म्हणत नाही. पण काम तेच आहे. मोठ्या सिनेसंगीतकाराचा हात डोक्यावर नसताना, घरच्या घरी रचलेलं, स्वतःच्या नावावर काढलेलं गाणं.

त्याआधी ‘नौवारी’नं त्यांचं नाव झालेलं होतं. ‘गुलाबी साडी’नं ते देशभर नेलं. रील्सवर साडी नेसून फिरकी घेणाऱ्या मुलींपासून सिनेमातल्या नामवंतांपर्यंत सगळ्यांनी त्यावर ठेका धरला. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवरच्या फलकावर गाणं झळकल्याच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांनी कौतुकानं छापल्या. २०२५ मध्ये ईशा मालवीयबरोबरचं ‘शेकी’ आलं, तेही तसंच पसरलं.

टाइम्स स्क्वेअरबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण बातम्यांमध्ये ती बहुधा नसते. तिथले फलक ही जाहिरातीची जागा आहे. गाण्यांची ॲप्स आपल्या मंचावरच्या कलाकारांना पुढे आणण्यासाठी ती विकत घेतात. त्या कलाकाराकडे कंपनीचं लक्ष गेलंय, त्याच्यावर खर्च करावासा वाटतोय, एवढा त्याचा अर्थ. ही लहान गोष्ट नाही, मराठी गाण्यासाठी तर नाहीच. पण तो पुरस्कार नव्हे आणि समीक्षाही नव्हे.

आता मुद्द्याकडे. ज्या गाण्यांनी या भावांचं नाव झालं ती सगळी सुटी गाणी आहेत. प्रत्येक वेगळं आलं, प्रत्येकाचा वेगळा व्हिडिओ, वेगळी हवा. दहा गाण्यांचा संग्रह काढून ‘हे आमचं काम, ऐका’ असं म्हणायची वेळच त्यांच्यावर आली नाही. का नाही आली?

अल्बम नावाची वही

अल्बम हा शब्द गाण्यात आला तो फोटोंच्या वहीवरून. जुनी ७८ आरपीएमची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं वाजायची. एखादी मोठी रचना किंवा एका गायकाची बरीच गाणी विकायची असतील, तर तबकड्या कागदी पाकिटांत घालून पाकिटांची वही बांधत. तोच अल्बम. १९४८ मध्ये अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीनं लाँग प्ले तबकडी आणली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली आणि अख्खी वही एका तबकडीत आली. नाव तेच राहिलं. म्हणजे शब्दाचं मूळ सुटून जाणं हे पिंप्राळ्यात पहिल्यांदा घडलेलं नाही.

आपल्याकडे मात्र ही जागा सिनेमानं व्यापली होती. सिनेमाची गाणी हाच अल्बम. सिनेमाबाहेरचं सुगम संगीत रेडिओवरून, छोट्या तबकड्यांवरून यायचं. खरा बदल झाला तो कॅसेटमुळे. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी एचएमव्हीची मक्तेदारी मोडली आणि ज्या बोलींना, ज्या सणांना तबकडीवर कधी जागा मिळाली नव्हती त्यांना टेपवर मिळाली. पीटर मॅन्युएल या अमेरिकी अभ्यासकानं १९९३ मध्ये उत्तर भारतातल्या या बदलावर ‘कॅसेट कल्चर’ नावाचं पुस्तकच लिहिलं. त्यातलं बरंचसं खानदेशाला जसंच्या तसं लागू पडेल.

कॅसेटला दोन बाजू असतात आणि त्या भराव्या लागतात. एका गाण्याची कॅसेट कुणी घेत नाही. म्हणून आठ गाणी. त्यातली दोन चालणारी, दोन बरी, बाकीची भरतीची, असा हिशेब अनेकांनी केला हे खरं. पण याच सक्तीमुळे एखाद्या कवीला आणि संगीतकाराला एकाच मूडमध्ये तासभर राहायची संधी मिळाली. १९९८ चा ‘गारवा’ हे त्याचं ठळक उदाहरण. संगीत मिलिंद इंगळे, शब्द सौमित्र म्हणजे किशोर कदम. गाण्यांच्या मधे मधे बोललेली कविता, सगळीकडे पाऊस. तो सुटा सुटा ऐकायचा नव्हताच. पुढे २००२ च्या सुमाराला अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत यांचं ‘ऐका दाजिबा’ आलं. तोही अल्बमच, पण आठवतं ते एक गाणं आणि त्याचा टीव्हीवरचा व्हिडिओ.

शब्दाचा अर्थ इथेच घसरला असं मला वाटतं. टीव्ही आणि मग व्हीसीडी आल्यावर लोक विचारू लागले, “हे पिक्चरचं गाणं का अल्बमचं?” अल्बम म्हणजे ‘सिनेमाचं नसलेलं’. संग्रहाचा अर्थ हळूहळू गळून पडला. नंतर व्हीसीडीही गेली आणि उरलं ‘अल्बम साँग’.

पूर्ण ऐकलेला आणि घरोघर पोचलेला शेवटचा मराठी अल्बम कुठला, असं विचारलं तर बहुतेक जण ‘सैराट’ म्हणतील. २०१६, अजय-अतुल, त्यातला ऑर्केस्ट्रा थेट हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला. आणि गाणी किती? फक्त चार.

मग स्वस्त डेटा आला

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं आणि मोबाइल डेटाचा दर कोसळला. ज्या गावात कॅसेटचं दुकान बंद पडून वर्षं झाली होती तिथे प्रत्येकाच्या खिशात यूट्यूब आलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं. जून २०२० च्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केल्या. ‘गुलाबी साडी’ ज्या रस्त्यावरून धावलं तो रस्ता या चार वर्षांत बांधला गेला.

या रस्त्याला अल्बम नको असतो. रीलला गाण्याचा पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा लागतो. त्यात एक चित्र हवं, उदाहरणार्थ साडी, नथ किंवा टिकली, म्हणजे रील करणाऱ्याला काय नेसायचं, काय दाखवायचं हे लगेच कळतं. एक हातवारा हवा आणि भाषा न येणाऱ्यालाही पकडता येईल असा शब्द हवा. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते एकदा ऐकलं असं मोजतात, म्हणून लांबलचक वाद्यसंगीतानं सुरुवात करणं धोक्याचं. दहा गाणी एका दिवशी काढली तर नऊ गाणी वाया जातात आणि एकेक काढलं तर दर वेळी नवी संधी. हिशेब एवढा सरळ आहे की अल्बम काढणाराच वेडा ठरावा.

तरी काही जण काढतात. पुण्याच्या ‘ईझी वाँडरलिंग्ज’ या इंडी पॉप बँडनं २०१७ मध्ये आपला पहिला अल्बम काढला. त्यांची गाणी इंग्रजीत आहेत, ऐकणारा वर्ग लहान पण निष्ठावान, आणि त्या वर्गाकडे अल्बम ऐकायची सवय आहे. ही सवय मोठ्या शहरात, इंग्रजीत टिकली आणि मराठीत तुटली. आवडीनिवडीपेक्षा त्याचं कारण बाजारात आहे.

जगातही अल्बमचं मोजमाप बदललंय. अमेरिकेच्या बिलबोर्डनं २०१४ पासून १,५०० वेळा गाणं ऐकलं गेलं की एक अल्बम विकला गेला असं धरायला सुरुवात केली. २०१८ मध्ये पैसे भरणाऱ्या श्रोत्यांसाठी हा आकडा १,२५० आणि जाहिराती ऐकणाऱ्यांसाठी ३,७५० केला. म्हणजे एकच गाणं पुरेसं वाजलं तर कागदावर अल्बमही ‘विकला’ जातो.

शेजारचा बाजार: अहिराणी

पिंप्राळ्यातल्या त्या हळदीत वाजणारं झुमक्याचं गाणं, म्हणजे ‘हाई झुमका वाली पोर’, अहिराणी आहे. भैय्या मोरे आणि अंजना बर्लेकर यांचा आवाज, व्हिडिओत विनोद कुमावत आणि राणी कुमावत. यूट्यूबवर ते कोट्यवधी वेळा पाहिलं गेलंय. त्याच्या आधी अण्णा सुरवाडे यांचं ‘बबल्या इकस केसावर फुगे’ असंच गावोगाव पोचलं होतं. हे शीर्षक ज्यांना विनोदी वाटतं त्यांनी आईला विचारावं. विंचरताना गळालेले केस साठवून ठेवायचे आणि दारावर येणाऱ्याला देऊन फुगे घ्यायचे, हा व्यवहार खेड्यापाड्यांत खरोखर चालायचा.

२०११ च्या जनगणनेत खानदेशी मातृभाषा सांगणारे साधारण १८ लाख ६० हजार लोक होते. प्रत्यक्षात बोलणारे याहून बरेच जास्त असणार, कारण घरी अहिराणी बोलणारे कितीतरी जण कागदावर मराठी लिहितात. तरी एका गाण्याचे प्रेक्षक भाषेच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट होतात. एकच माणूस पुन्हा पुन्हा बघतो हे त्याचं एक कारण. सुरत, पुणे, नाशिक, कल्याण इथे कामाला गेलेला खानदेशी माणूस हे दुसरं.

या बाजाराला स्वतःचं पंचांग आहे. आखाजीला झोक्याची आणि माहेराची गाणी, श्रावणात कानबाईची, नवरात्रात सप्तशृंगीच्या गडाची, आणि लग्नसराईत नाचायची. कानबाई रोट खाऊन परत गेली की तिच्या गाण्याची मागणी पुढच्या श्रावणापर्यंत थांबते. अशा बाजारात अल्बमची गरज सणच भागवतो. जुन्या आखाजीच्या कॅसेटमध्ये जी आठ गाणी असायची ती आज आठ चॅनेलांवर वेगवेगळी येतात, ऐकणारी बाई ती एकामागून एक लावते आणि तिचा अल्बम तिथेच तयार होतो.

एक प्रश्न इथे मला छळतो. संजू राठोडची गाजलेली गाणी मराठीत आहेत, इंग्रजी शब्दांची फोडणी दिलेली मराठी. झुमक्याचं गाणं ठार अहिराणी आहे. दोन्ही खानदेशाचीच. पण टाइम्स स्क्वेअरपर्यंत मराठीवालं गेलं. अहिराणीला तिथे जागा मिळेल का? की जागा मिळवायची असेल तर आधी प्रमाण मराठीत यावं लागेल? बहिणाबाई चौधरींच्या कविता १९५२ मध्ये पुस्तकात आल्या त्या लेवा बोलीत होत्या आणि महाराष्ट्रानं त्या तशाच उचलल्या. त्यामुळे ‘बोलीमुळे अडतं’ हे उत्तर मला पटत नाही. अडत असेल तर ते वितरणात अडतं.

वितरण म्हणजे काय, आणि पैसा कुठून येतो

‘गुलाबी साडी’मागे ‘बिलीव्ह’ ही पॅरिसमधली वितरण कंपनी होती. अशी कंपनी गाणं एकाच वेळी सगळ्या ॲप्सवर चढवते, रील्सच्या संगीत यादीत घालते, दुसऱ्यांनी वापरलं तर हक्क सांगते, प्रचाराला पैसे घालते आणि उत्पन्नात वाटा घेते. २०२४ मध्येच आलेलं क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्सच्या ‘स्पिनिन रेकॉर्ड्स’नं काढलं. मराठी पॉपच्या त्या वर्षातल्या दोन मोठ्या गाण्यांमागे युरोपातल्या कंपन्या होत्या, आणि हे फारसं कुणी बोललं नाही. अहिराणी गाणी बहुतेक करून स्थानिक यूट्यूब चॅनेलवर येतात आणि तिथेच राहतात.

यूट्यूबवर नेहमीच्या व्हिडिओच्या जाहिरातींतला ५५ टक्के वाटा चॅनेलवाल्याला मिळतो. शॉर्ट्सवर ४५ टक्के, तोही संगीताचा खर्च वजा करून. हा वाटा चॅनेलच्या मालकाचा. गायकाला मानधन देऊन मोकळं केलं असेल आणि चॅनेल दुसऱ्याचं असेल, तर गाणं दहा कोटी वेळा पाहिलं गेलं तरी गायकाच्या खात्यात काही फरक पडेलच असं नाही. स्पॉटिफायनं २०२४ पासून आणखी एक नियम केला. मागच्या बारा महिन्यांत एक हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याला पैसे नाहीत. कानबाईच्या एखाद्या साध्या गाण्यासाठी ही अट सोपी नाही.

कायदा मात्र आपल्या बाजूनं बराच पुढे गेलाय. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांनी हक्क विकले तरी रॉयल्टीतला निम्मा वाटा त्यांना सोडून देता येत नाही, तसा करार केला तरी तो टिकत नाही. गायकालाही व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क मिळाला. पण तो वसूल करायला आयपीआरएससारख्या संस्थेचं सदस्य व्हावं लागतं, गाणं नोंदवावं लागतं. बाँडपेपरवर ‘सर्व हक्क देत आहे’ असं लिहून सही करणाऱ्या गीतकाराला हे बहुधा कुणी सांगितलेलं नसतं.

आणि आता परत त्या हळदीत.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) नुसार धार्मिक विधी आणि लग्नाची वरात, लग्नाशी संबंधित समारंभ यांत गाणं वाजवलं तर तो हक्कभंग होत नाही. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारनं जाहीर सूचना काढून हे पुन्हा स्पष्ट केलं. गोवा सरकारनं याच धर्तीवर काढलेलं परिपत्रक २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं रद्द केलं. कायद्यात आहे त्यापेक्षा सवलत सरकारी परिपत्रकानं रुंदावता येणार नाही, असा त्याचा आशय. मूळ सवलत कायद्यात आहेच.

सवलत योग्य आहे. मुलीच्या लग्नात गाणं वाजवलं म्हणून बापाला पावती फाडायला लावणं कुणालाच आवडणार नाही. पण खानदेशी गाणं सर्वांत जास्त, सर्वांत मोठ्यानं आणि सर्वांत आनंदानं जिथे ऐकलं जातं, ती जागा हिशेबाच्या बाहेर आहे. डीजेवाला पैसे घेतो, जनरेटरवाला घेतो, मंडपवाला घेतो. पेनड्राइव्हमधल्या गाण्याला काहीच मिळत नाही. एका हळदीत चार वेळा वाजलेलं गाणं ॲपच्या आकड्यात एकदाही दिसत नाही.

स्वागत कसं झालं, हे कुणाला विचारायचं?

अल्बम असता तर परीक्षण झालं असतं. चांगलं-वाईट, पाचवं गाणं फसलंय, शेवटचं सुंदर आहे, असं कुणीतरी लिहिलं असतं. सुट्या गाण्याचं परीक्षण होत नाही, त्याची बातमी होते, आणि बातमीत एकच विशेषण असतं: व्हायरल. ‘गुलाबी साडी’चा ठेका कुठून आला, दोन भावांमध्ये चाल आधी होते की शब्द, कडव्यात आवाज का बदलतो, याबद्दल मराठीत वाचायला फार थोडं मिळतं. आकड्यांबद्दल मात्र भरपूर मिळतं.

दुसरीकडे एक ठरलेली तक्रार असते, की ही कसली मराठी, निम्मे शब्द इंग्रजी. मला ही तक्रार आळशी वाटते. लावणीत फारसी-उर्दू शब्द बिनधास्त आले तेव्हा ते ज्या बाजारात गायचे त्या बाजाराची भाषा तीच होती. जळगावच्या कॉलेजातली मुलं जशी बोलतात तसं हे गाणं बोलतं. तक्रार करायचीच असेल तर वेगळी आहे. एकामागून एक येणाऱ्या या गाण्यांत पेहराव आणि दागिना बदलतो, मुलगी तीच राहते, आणि तिला बोलायला फारसं काही नसतं. हळू, उदास, चार मित्रांनाच आवडेल असं गाणं कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला खपून जायचं. आता त्याला स्वतःच्या पायावर, स्वतःच्या व्हिडिओच्या खर्चासकट उभं राहावं लागतं.

या भावांकडे तसं गाणं नसेल असं मला वाटत नाही. एकानं चाल सुचवायची आणि दुसऱ्यानं ती रात्री लॅपटॉपवर बांधायची, अशा घरात सगळीच गाणी नाचायची निघत नाहीत. ती बाहेर यायला एखादी कंपनी दहा गाण्यांचे पैसे एकदम घालायला तयार व्हावी लागेल, किंवा ऐकणाऱ्यानं तिसरं गाणं संपल्यावर चौथं आपणहून लावावं लागेल.

तोवर एक साधं काम करता येतं. पुढच्या वेळी ॲपवर गाणं लावलं की तीन टिंबांवर बोट ठेवा आणि ‘क्रेडिट्स’ उघडा. गायक, गीतकार, संगीतकार, हक्क कुणाचे, हे तिथे लिहिलेलं असतं. मोठ्या गाण्यांचं व्यवस्थित असतं. अहिराणी गाण्यांची काही पानं उघडून पाहिली, तर गीतकाराच्या जागी बऱ्याचदा चॅनेलचंच नाव होतं.